बारीक म्हणजे ‘थिन’ नव्हे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पहिल्यांदा मुलाखतीला गेलो तेव्हा मला घरची माहिती विचारली. खानापूर तालुक्यातलं गाव, मराठी शाळा, मग आयटीआय. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना घाम फुटायचा. मी छाती काढून म्हणालो, “आय हॅव वन थिन ब्रदर.” समोरच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “अँड हाऊ मेनी फॅट वन्स?” टेबलामागची तिघं हसली. मीही हसलो. काय चुकलं ते बसमधून गाव येईपर्यंत कळलं नव्हतं. घरच्या ‘बारक्या’ भावाला मी तसाच उचलून इंग्रजीत नेऊन बसवला होता.

नोकरी मिळाली. माल तपासायच्या खात्यात अकरा वर्षं काढली आणि परदेशी गिऱ्हाइकांना रोज इंग्रजीत रिपोर्ट लिहिले. आता संध्याकाळी वडगावात घरीच दहा-बारा मुलांना शिकवतो. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी गॅस ‘थिन’ करतं, कुणी रेडिओ ‘थिन’ करतं, कुणाचा काका ‘ड्राय’ होतो. या एका शब्दानं मला जितकं रडवलं तितकं व्याकरणाच्या पुस्तकानंही रडवलं नाही. म्हणून तो पायरीपायरीनं मांडतोय.

लागणारं सामान

एक वही. मोबाइलवर उच्चार ऐकवणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, त्यातही शिकणाऱ्यांसाठी सोप्या शब्दांत केलेला, कारण त्यात अर्थापेक्षा वाक्यं जास्त असतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. तो १८३१चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ची. त्यात ‘बारीक’ आणि ‘पातळ’ उघडून बघा, एकेका शब्दाखाली किती अर्थ दडलेत ते दिसेल. घरी कन्नड जास्त चालत असेल तर किटेलचा १८९४चा कन्नड-इंग्रजी कोशही आहे. शिवाय घरातल्या चार वस्तू लागतील: एक पापड, एक सुई, वाटीभर वरण आणि एक कंगवा. कंगवा कशाला ते पुढं येईल.

मराठी शब्दाला एकच इंग्रजी शब्द देणारी खिशातली डिक्शनरी मात्र या कामाला बाजूला ठेवा. ‘बारीक’समोर ‘थिन’ छापलंय तिच्यात, आणि मुलाखतीत माझं हसं तिनंच केलं होतं.

१. आधी आपला ‘बारीक’ सोडवून घ्या

ही पायरी सगळ्यांत मोठी. इथं घाई करू नका.

दिवसभरात आपण किती ‘बारीक’ बोलतो ते एक दिवस मोजा. गॅस बारीक कर. टीव्ही बारीक कर. बारीक ताप आहे. बारीक पाऊस लागलाय. कांदा बारीक चिर. बारीक रवा आण. बारीक अक्षर वाचता येत नाही. बारीक नजर ठेव. बारीकसारीक गोष्टीवरून भांडू नको. बारकं पोर, बारका भाऊ. आणि शेवटी, “अगं, किती बारीक झालीस!”

यातल्या फक्त शेवटच्याला ‘थिन’ चालतो. बाकीच्यांची सोय इंग्रजीत वेगवेगळ्या ठिकाणी आहे. गॅस ‘लो’ करायचा, म्हणजे ‘टर्न डाउन द फ्लेम’. टीव्हीचा आवाजही ‘टर्न डाउन’. ताप ‘स्लाइट’ किंवा ‘माइल्ड’. पाऊस ‘लाइट रेन’, झिमझिम असला तर ‘ड्रिझल’. कांदा ‘फाइनली चॉप्ड’, रवा ‘फाइन’. अक्षर ‘स्मॉल’. कराराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात अटी असतात ना, त्यांना मात्र ‘फाइन प्रिंट’ म्हणतात. नजर ‘क्लोज’, म्हणजे ‘कीप अ क्लोज वॉच’. गोष्टी ‘मायनर’ किंवा ‘स्मॉल’. पोर ‘स्मॉल’, भाऊ ‘यंगर’.

असं का, ते एकदा डोक्यात बसलं की पाठांतर संपलं. आपला ‘बारीक’ लहानपणाचा शब्द आहे. आकार लहान, आवाज लहान, वय लहान, जोर लहान, सगळं त्यात मावतं. ‘थिन’ला लहानमोठ्याशी देणंघेणं नाही. तो विचारतो, जाडी किती? नाहीतर, दाटी किती? चाळीस फूट लांबीचा पत्राही ‘थिन’ असू शकतो आणि मुंगी ‘थिन’ नसते.

सीमाभागातल्या पोरांना हे जास्त छळतं, कारण दोन्हीकडून एकच शिकवण मिळते. कन्नडमधला ‘सण्ण’ही लहानाला लागतो आणि वाळलेल्या माणसालाही लागतो. “भाळ सण्ण आगी” म्हणजे “फार बारीक झालास”. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि दोन्ही भाषा सांगतात की लहान आणि रोड एकच. इंग्रजीत गेलात की तिथंच ठेच लागते. कन्नडला ‘तेळ्ळग’ हा शब्द आहे, तो ‘थिन’च्या बराच जवळचा. कन्नड येणाऱ्या मुलांना मी सांगतो, डोक्यात ‘सण्ण’ आला तर थांबा, ‘तेळ्ळग’ आला तर बिनधास्त ‘थिन’ म्हणा.

वहीत पहिल्या पानावर हे लिहा: ‘थिन’ची मराठीत घरं तीन. पातळ, विरळ, आणि माणूस असेल तर लुकडा. पापड पातळ, केस विरळ, मामा लुकडा. तिन्हीपैकी एकही शब्द बसत नसेल तर ‘थिन’ वापरू नका.

२. उच्चार: जीभ दातांत

टी, एच, आय, एन. अक्षरं चार, आणि त्यातली पहिली दोन मिळून आपल्याकडे नसलेला एक आवाज. आपला ‘थ’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागं टेकते आणि हवा फुटते. इंग्रजांची जीभ टेकत नाही, टोक दातांच्या मध्ये किंचित बाहेर येतं आणि हवा घासत जाते.

ओळखायची सोपी खूण अशी. आवाज तीन सेकंद ओढून बघा. ‘स’ ओढता येतो, आपला ‘थ’ ओढता येत नाही, एकदा फुटला की संपला. इंग्रजी आवाज ‘स’सारखा ओढता यायला हवा.

नाही जमलं तर जीव टाकू नका. आपल्या ‘थ’नं ‘थिन’ म्हटलेलं जगात कुठंही समजतं. ‘ट’ मात्र नको, कारण ‘टिन’ म्हणजे कथील किंवा पत्र्याचा डबा. आणि ‘इ’ ऱ्हस्व ठेवा, ‘थीन’ नाही. रोज दहा वेळा म्हणा: “द टिन इज थिन.” डबा पातळ पत्र्याचा आहे. माझ्याकडच्या एका मुलीनं हे इतकं घोकलं की तिची आजीही भांडी लावताना म्हणायला लागली.

लिहिताना एक खोच. ‘थिनर’ आणि ‘थिनेस्ट’मध्ये ‘एन’ दोनदा येतो. ‘मोअर थिन’ लिहू नका. ‘थिननेस’मध्येही दोन ‘एन’ आहेत, तिथं एक शब्दाचा आणि एक शेपटीचा.

३. काय मोजताय ते ठरवा

पापड हातात घ्या. वरच्या बाजूपासून खालच्या बाजूपर्यंतचं अंतर कमी, म्हणून तो ‘थिन’. आपल्या बेळगावचे मांडे त्याहून पुढचे. पीठ हातावर फिरवत फिरवत इतकं वाढवतात की पलीकडचं दिसावं. त्यांना ‘पेपर-थिन’ म्हणा. परगावच्या पाहुण्याला मांडे समजावताना हा शब्द मी कितीदा वापरलाय! कुंद्याला, म्हणजे आमच्या दुधाच्या मिठाईला, मात्र यातलं काहीच लागत नाही, तो खाऊ घालायचा आणि गप्प बसायचं.

आता खडेबाजाराच्या आजूबाजूची एखादी गल्ली डोळ्यांपुढं आणा. बारीक गल्ली, अरुंद बोळ. इथं वर-खाली काही मोजत नाही, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजतो. तिथं ‘नॅरो’. ‘थिन लेन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला रस्त्यावरचं डांबर पातळ टाकल्यासारखं वाटेल. (ते खरंही असतं, पण तो विषय वेगळा.) जिना, पूल, दार, खिंड, सगळे ‘नॅरो’.

पहिल्या पानावरच्या नियमाला एक अपवाद. गोल लांब वस्तूंना, म्हणजे तार, सळई, दोरी, काडी, बोटं यांना आपण ‘बारीक’ म्हणत असलो तरी ‘थिन’ चालतो. अगदी नाजूक झाली की ‘फाइन’: सुईचं टोक, रेशमाचा धागा, वाळू, धूळ. दोन्हीतला फरक कौतुकाचा आहे. ‘थिन थ्रेड’ तुटेल की काय वाटतं, ‘फाइन थ्रेड’ चांगल्या प्रतीचा वाटतो.

आता कंगवा. कंगव्यात अडकलेला एक केस बघा. तो केसच नाजूक असेल तर ‘फाइन हेअर’. केस एकेक चांगला जाड, पण डोक्यावर मोजकेच उरलेत, तर ‘थिन हेअर’. आपल्या भाषेत पहिले तलम, दुसरे विरळ. डॉक्टरला “माय हेअर इज थिनिंग” सांगितलं तर तो गळतीचं औषध देईल. ‘फाइन’ म्हटलात तर म्हणेल, मग आलात कशाला?

कारखान्यात जाणाऱ्यांसाठी एक सापळा स्वतंत्र सांगतो. पत्र्याचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, उलटा चालतो. नंबर वाढला की पत्रा पातळ. ब्रिटिश मापात १६ गेजचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर, २० गेजचा सुमारे ०.९. साहेब म्हणाले “वी नीड अ थिनर शीट” तर १६च्या जागी १४ आणू नका. मी आणलाय. शक्य तिथं मिलिमीटरच लिहा. प्लास्टिकच्या पिशव्यांचंही तसंच. दुकानदार ‘पातळ पिशवी’ म्हणतो, नियमात मात्र आकडा असतो, १२० मायक्रॉन, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. त्याहून ‘थिन’ पिशवीला बंदी.

४. माणसाबद्दल बोलताना जपून

इथं चूक झाली की ती शब्दाची राहत नाही, माणसाला लागते.

आमच्याकडून माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या एक बाई दर वर्षी यायच्या. एका वर्षी आल्या त्या खूपच उतरलेल्या. मी आपला काळजीनं म्हणालो, “मॅडम, यू हॅव बिकम व्हेरी थिन.” गावात भेटल्यावर आपण पहिलं हेच बोलतो. “काय रे, वाळलास की!” यात माया असते, पुढं ‘जेवून जा’ असतं. बाईंचा चेहरा पडला. त्या आजारातून उठल्या होत्या हे नंतर कळलं. इंग्रजीत समोरच्याच्या अंगावर आपणहून बोलायची रीत नाही, चांगलं म्हणून बोललं तरी. “इट्स गुड टू सी यू” एवढंच पुरतं. हे आपल्याला कोरडं वाटतं, मलाही वाटतं, पण त्यांच्या घरात त्यांची रीत.

आणि ‘वाळलास’चं शब्दाला शब्द भाषांतर करू नका. “माय अंकल हॅज ड्राइड” हे वाक्य मी वहीत स्वतः लाल शाईनं खोडलंय. “ही हॅज लॉस्ट अ लॉट ऑफ वेट” म्हणा. रोडावणं, सुकणं, वाळणं, उतरणं, सगळ्यांना हे एक वाक्य चालतं.

आता छटा. आपल्याकडे या बाबतीत शब्दांची चंगळ आहे, इंग्रजीतही आहे, जोड्या मात्र नीट लावाव्या लागतात.

‘थिन’ मधोमध आहे, ना कौतुक ना टीका. पण माणसाला लावला की थोडा टीकेकडेच कलतो.

‘स्लिम’ म्हणजे सडपातळ. हे कौतुक. लग्नाच्या बायोडेटात ‘सडपातळ बांधा’ लिहितात तिथं ‘स्लिम’ लिहा. ‘थिन’ लिहिलेले बायोडेटा मी पाहिलेत. वाचणारा आधी दवाखान्याचे कागद मागेल. गंमत म्हणजे हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीनं डचांकडून घेतला आणि डचमध्ये आजही ‘स्लिम’ म्हणजे हुशार. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘श्लिम’ म्हणजे वाईट. एकाच घरातले तिघं तीन दिशांना गेले.

‘स्लेंडर’ म्हणजे शेलाटा, शिडशिडीत. यात लांबी आणि डौल दोन्ही हवेत. सुपारीचं झाड ‘स्लेंडर’. बुटका माणूस कितीही बारीक असला तरी ‘स्लेंडर’ म्हणताना जीभ अडखळते. हा शब्द तुमच्या घरातल्या तांदळाच्या पोत्यावरही असू शकतो. तांदळाच्या वर्गवारीत ‘लाँग स्लेंडर’ म्हणजे दाणा ६ मिलिमीटर किंवा जास्त लांब, आणि लांबी रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त. आपण ज्याला ‘बारीक तांदूळ’ म्हणतो तो बाजाराच्या इंग्रजीत ‘थिन राइस’ नव्हे, ‘स्लेंडर’. त्याच्या उलट जाडा दाणा ‘बोल्ड’. बेळगाव बासमतीच्या भातावर वाढलेल्या माणसाला हे कळायलाच पाहिजे.

‘स्किनी’ म्हणजे लुकडा, काटकुळा. मित्राला चालेल, साहेबाला नाही, अनोळखी बाईला तर मुळीच नाही. पायाला चिकटलेली जीन्स मात्र ‘स्किनी’, तिथं कुणाला राग येत नाही. त्याहून वाईट ‘स्क्रॉनी’, म्हणजे किडकिडीत. आणि आजारानं, उपासानं गालफडं बसली तर ‘गाँट’. हा शब्द खंगलेल्या माणसाबद्दल हळव्या आवाजात वापरतात. दवाखान्याच्या फॉर्मवर यातला कुठलाच नसतो, तिथं ‘अंडरवेट’ असतं, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, १८.५च्या खाली.

‘लीन’वर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे त्याचा घोळ दुहेरी आहे. ‘लीन’ म्हणजे चरबी नाही, पण ताकद आहे. आपला ‘काटक’. तालमीत घुमणारा पोरगा ‘लीन’ असतो, ‘थिन’ नसतो. बिनचरबीचं मटण ‘लीन मीट’. पण बंगळूरकडची माणसं ‘यू हॅव बिकम लीन’ असं सरळ ‘वाळलास’च्या अर्थानं बोलतात. कर्नाटकात नोकरी करणार असाल तर हे रोज ऐकाल, आणि तिथं ते चालूनही जातं. कर्नाटकाबाहेरच्या इंग्रजाला मात्र ती तुमच्या व्यायामाची स्तुती वाटेल.

दुसरा घोळ कारखान्यातला. आमच्या शॉपमध्ये एक दिवस भिंतीवर ‘लीन’चा फलक लागला आणि जुने कामगार म्हणाले, आता पगार बारीक होणार. तसं नव्हतं. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीला १९८८ साली जॉन क्राफसिक या अमेरिकी संशोधकानं हे नाव दिलं. वायफळ साठा, वायफळ हालचाल, वायफळ वाट बघणं काढून टाकायचं, म्हणजे कामाची चरबी उतरवायची. आमच्याकडे नंतर माणसंही कमी झाली हे खरं, पण तो दोष शब्दाचा नव्हता.

क्रमाचाही एक नियम लिहून ठेवा. उंची आधी, जाडी नंतर. ‘अ टॉल थिन मॅन’, ‘अ लाँग थिन स्टिक’. उलट केलं तर अर्थ कळतो, पण कानाला खडा लागतो.

५. वरण, ताक, रंग

द्रवात आपला ‘पातळ’ आणि ‘थिन’ गळ्यात गळा घालून चालतात. पातळ वरण, ‘थिन दाल’. पातळ ताक, ‘थिन बटरमिल्क’. खानावळीत तक्रार करायची असेल तर ‘वॉटरी’ म्हणा, म्हणजे नुसतं पाणी. दूधवाल्यानं पाणी घातलंय असा आरोप असेल तर ‘डायल्यूटेड’. जे घट्ट व्हायला हवं होतं ते वाहतंय, तर ‘रनी’: न जमलेलं दही, कच्चं पिवळं बलक, आणि सर्दीतलं नाक.

तीन ठिकाणी ‘पातळ’ फसवतो. अळूची पातळ भाजी म्हणजे ‘थिन व्हेजिटेबल’ नव्हे, रस्सा असलेली भाजी, ‘करी’ म्हणा. पोट बिघडून पातळ होत असेल तर डॉक्टरला ‘लूज मोशन्स’ सांगा. आणि आजीचं पातळ म्हणजे साडी. शहापूर-वडगावच्या मागांवर विणलेलं जाडजूड पातळही पातळच! हे इंग्रजीत समजावता येत नाही. सोडून द्या.

क्रियापद म्हणूनही ‘थिन’ चालतो आणि तो तुम्हाला आधीच येतो. रंगाच्या दुकानात मागता तो ‘थिनर’ म्हणजे रंग पातळ करणारा. शेतात मक्याची रोपं दाट उगवली की आपण विरळणी करतो, ते ‘थिनिंग आउट’. घरातल्या आजोबांची ‘ब्लड थिनर’ची गोळी मात्र नावाला जागत नाही. ती रक्त खरोखर पातळ करत नाही, गुठळी होण्याचं कमी करते. म्हणून “पाणी जास्त प्या, रक्त पातळ होईल” असल्या सल्ल्यावर गोळी बंद करू नका.

६. कापड आणि कागद

हे थोडक्यात. कापड पातळ, ‘थिन’. पातळ आणि उंची, म्हणजे तलम, तर ‘फाइन’. आरपार दिसणारं, झिरझिरीत, तर ‘शिअर’. धुतलं की फाटेल असं विरविरीत, तर ‘फ्लिम्झी’. खोकी, खुर्च्या, छत्र्या यांनाही ‘फ्लिम्झी’ लागतो. पॅकिंगच्या तक्रारीत मी वर्षानुवर्षं ‘थिन बॉक्स’ लिहीत होतो आणि समोरून जाडीचं माप मागितलं जायचं. ‘फ्लिम्झी’ लिहिलं त्या दिवशी खोकी बदलून आली.

७. विरळ हवा आणि लंगडी सबब

इथून पुढं वस्तू संपतात आणि म्हणी सुरू होतात. त्या तोंडपाठ करण्याआधी एक नातं सांगतो, त्यानं मला फार मदत झाली. ‘थिन’चं मूळ ‘ताणणे’ या अर्थाच्या फार जुन्या धातूत आहे. संस्कृतातला ‘तनु’, म्हणजे कृश, सडपातळ, त्याच धातूचा. आपले ‘ताण’ आणि ‘तंतू’ही तिथलेच. लॅटिनमधला ‘टेन्युइस’ही त्यातलाच, त्यापासून इंग्रजीत ‘टेन्युअस’ आला. म्हणजे मांडे करणाऱ्या बाईच्या हातावर जे चाललंय तेच या शब्दाच्या पोटात आहे. ताणलं की पातळ होतं.

आता बघा. एकाच माणसावर चार कामं टाकली तर तो ‘स्प्रेड टू थिन’. पीठ तेवढंच, मांडा मोठा. सहनशक्ती ताणून ताणून झिजली तर ‘माय पेशन्स इज वेअरिंग थिन’. सबब ओढूनताणून आणलेली असेल तर ‘अ थिन एक्सक्यूज’, आपली लंगडी सबब. दोन गोष्टींतला संबंध धाग्याएवढा असेल तर ‘टेन्युअस’.

विरळपणाच्या म्हणी वेगळ्या. उंचावरची हवा ‘थिन एअर’. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं इथल्या पुष्कळ घरांत लडाखला जाऊन आलेलं कुणीतरी असतं, त्यांना विचारा. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, दोन जिने चढले की धाप लागते. त्याच हवेत एखादी वस्तू बघता बघता नाहीशी झाली तर ती ‘व्हॅनिश्ड इंटू थिन एअर’. सभेला माणसं कमी, तर ‘अ थिन क्राउड’.

‘थ्रू थिक अँड थिन’ म्हणजे सुखदुःखात, कसल्याही प्रसंगात. यातला ‘थिक’ दाट रान आणि ‘थिन’ विरळ रान. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही हा जोड सापडतो. जांबोटी-कणकुंबीच्या वाटेनं गेलेल्याला समजावून सांगायला नको. कधी झाडी अंगावर येते, कधी उघडा माळ, आणि सोबतीला असलेला माणूस दोन्हीकडे बरोबर राहतो.

‘थिन-स्किन्ड’ म्हणजे लगेच मनाला लावून घेणारा. हे शरीराचं वर्णन नाही. आमच्या एका सुपरवायझरला कुणीतरी हे सांगितलं आणि तो म्हणाला, हो, मला थंडीत क्रीम लावावं लागतं.

एक शेवटचा सापळा. ‘स्लिम चान्स’ म्हणजे फारच कमी शक्यता. मग ‘फॅट चान्स’ म्हणजे भरपूर शक्यता असेल असं वाटतं ना? नाही. तोही म्हणजे कमीच, उलट टोमणा मारून, “वाट बघ!” अशा सुरात. साहेबाला रजा मागितली आणि तो ‘फॅट चान्स’ म्हणाला तर गावी फोन करून सांगू नका की येतोय म्हणून.

८. सराव

आठवडाभर रोज घरातल्या तीन वाक्यांचा ‘बारीक’ किंवा ‘पातळ’ पकडा आणि इंग्रजीत सोडवा. सुरुवातीला माझ्या वर्गात हे वाक्य देतो:

“बारक्या भावानं बारीक गॅसवर पातळ वरण ठेवलं आणि बारीक आवाजात रेडिओ लावला.”

उत्तर झाकून ठेवा. “माय यंगर ब्रदर पुट द थिन दाल ऑन अ लो फ्लेम अँड टर्न्ड द रेडिओ ऑन सॉफ्टली.”

हे जमलं की पुढचं स्वतः करा, उत्तर देत नाही: “आजीचं पातळ तलम आहे, आजी काटक आहे, केस विरळ झालेत, आणि मांडे पातळ झाले नाहीत म्हणून ती बारीक तोंड करून बसली आहे.”

यात ‘थिन’ दोनदा येतो. तीनदा आला तर पहिल्या पायरीवर परत जा.